कुलूप काढा आणि तास द्या

ग्रंथपाल म्हणून रुजू झाले त्या दिवशी माझ्या हातात सगळ्यात आधी पडला तो किल्ल्यांचा जुडगा. बावीस लोखंडी कपाटं, प्रत्येकाच्या दोन किल्ल्या, आणि प्रत्येक किल्लीला सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा नंबर. आधीच्या ग्रंथपालांनी चार्ज देताना परिग्रहण नोंदवह्या, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांकाने चढवायच्या वह्या, एकेक करून उघडून दाखवल्या, शेवटच्या दाखल अंकावर बोट ठेवलं आणि सही घेतली. कुठल्या कपाटात काय चांगलं आहे, कोणत्या पुस्तकाला कोण हात लावतं, कोणतं पुस्तक वर्षानुवर्षं कोणी मागितलेलं नाही, यावर आमच्यात एक अक्षर बोलणं झालं नाही. त्यात त्यांचा दोष नव्हता. मोजणीत काही पुस्तकं कमी भरली होती आणि त्यापायी त्यांचं ना देय प्रमाणपत्र अडलं होतं. निवृत्तीनंतरही कित्येक महिने ते पिशवीत कागद घेऊन ऑफिसात यायचे. शेवटी गहाळ पुस्तकांची किंमत त्यांनी खिशातून भरली, तेव्हा फाईल हलली. त्या दिवशी जाता जाता ते ग्रंथालयात डोकावले आणि मला म्हणाले, "बाई, पुस्तक कोणी वाचलं नाही म्हणून तुम्हाला कुणी विचारणार नाही. हरवलं तर मात्र विचारतील."

आपल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांचं सगळं दुखणं या दोन वाक्यांत आहे. पुढची सगळी वर्षं मी त्यांच्याशी झगडत आले.

बंद कपाटाची पद्धत कशी चालते, हे कॉलेजात गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. देवघेवीच्या खिडकीसमोर रांग. विद्यार्थ्याने चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि जमलं तर दाखल अंक लिहायचा, बी.टी. कार्ड, म्हणजे पुस्तक घरी न्यायचं कार्ड, जोडायचं, आणि परिचर आत जाऊन पुस्तक आणेल किंवा "नाही" म्हणून सांगेल, त्याची वाट बघत उभं राहायचं. वरवर यात काही वावगं दिसत नाही. पण चिठ्ठी लिहायची तर पुस्तकाचं नाव आधी माहीत असावं लागतं. घरात चार पुस्तकं नसलेल्या, शाळेत ग्रंथालयाचा तास कधी न झालेल्या मुलाला कुठून माहीत असणार? मग तो वर्गात सरांनी सांगितलेलं क्रमिक पुस्तक लिहितो, ते बाहेर गेलेलं असतं, आणि तो स्टँडसमोरच्या दुकानातून गाईड घेऊन घरी जातो. तीन वर्षांत तो ग्रंथालयात शंभर वेळा आला तरी ग्रंथालय त्याने पाहिलेलं नसतं. त्याने फक्त खिडकी पाहिलेली असते.

आमचं गाव साताऱ्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातलं. तिसऱ्या वर्षाला इतिहास घेतलेली एक मुलगी त्या खिडकीशी चिठ्ठी घेऊन आली. चिठ्ठीवर एवढंच: "दुष्काळ". सरांनी प्रकल्प दिला होता आणि तिने स्वतःच्या गावचा दुष्काळ हा विषय घेतला होता. परिचर तिला म्हणाले, "असं नाही चालत. नाव आण, लेखक आण." ती चिठ्ठी हातात धरून बाजूला उभी राहिली. मी त्या वेळी काउंटरपाशी नसते तर ती तशीच गेली असती, आणि अशी किती मुलं माझ्या पाठीमागे गेली असतील याचा विचार मला अजून छळतो.

तिला आत बोलावलं आणि संगणकावर बसवलं. तिने मराठीत "दुष्काळ" टाइप केलं. निकाल शून्य. आमच्याकडे दुष्काळावर पुस्तकं नव्हती म्हणून नव्हे. पूर्वी कधीतरी सगळ्या पुस्तकांची संगणकात नोंद करायचं काम दर पुस्तकामागे पैसे ठरवून बाहेरच्या मुलांना दिलं होतं. त्यांनी मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत चढवली, ज्याला जसं सुचेल त्या स्पेलिंगने. काही नोंदी देवनागरीत होत्या, पण त्या जुन्या फॉन्टमधल्या, आणि संगणक बदलला तशी त्यांची अक्षरं विस्कटून गेली. म्हणजे पुस्तक खोलीत आहे, कपाटात आहे, नोंदवहीत आहे, पण मराठी मुलीने मराठी शब्द मराठी लिपीत टाकला तर ते सापडत नाही. याला मी चोरीपेक्षा मोठं नुकसान मानते, आणि या नुकसानीची वसुली कोणाकडून कधीच होत नाही.

मग आम्ही दोघी किल्ल्या घेऊन उठलो. बहुतेक महाविद्यालयांप्रमाणे आमच्याकडेही ड्युईची दशांश पद्धत, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा आणि त्या आकड्याप्रमाणे पुस्तकाची जागा. तिच्यात दुष्काळ एका जागी राहत नाही. पाऊस आणि हवामान ५५१मध्ये, अन्नटंचाई आणि तिच्यावरची मदत ३६३मध्ये, शेती ६३०मध्ये, भारताचा इतिहास ९५४मध्ये, आणि ज्या कथा-कादंबऱ्यांत माणदेशातली माणसं पाण्यासाठी वणवण फिरतात त्या ८९१.४६मध्ये. एका मुलीच्या एका प्रश्नासाठी पाच कपाटांची पाच कुलपं काढावी लागली. शेवटी "दुर्मिळ" असा कागद चिकटवलेलं सहावं कपाट उघडलं आणि त्यातून मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेल्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, एकोणिसावा खंड बाहेर काढला. सातारा जिल्ह्याचा, १८८५ साली छापलेला. जाड, इंग्रजी, बारीक टाइप. तो हातात घेऊन ती म्हणाली, "मॅडम, ह्यात आमच्या तालुक्याचं काय असंल का?"

खरं शिकवणं त्या प्रश्नानंतर सुरू झालं. खंड पहिल्या पानापासून वाचायचा नसतो, शेवटची सूची आधी बघायची असते, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. गावांची नावं त्या काळच्या इंग्रजी धाटणीत आहेत, तेव्हा एक स्पेलिंग नाही सापडलं तर दुसरं करून बघायचं, हेही तिला नवीन होतं. शेतीच्या प्रकरणात पुढे दुष्काळांची हकिगत येते. तिथे १८७६-७७च्या दुष्काळाचं वर्णन निघालं आणि सरकारी कामांवर किती माणसं येत होती त्याचे आकडे निघाले. ती बोट ठेवून एकेक ओळ वाचत होती. अडलेल्या शब्दाला मी अर्थ सांगत होते. तालुक्याचं नाव आलं तिथे ती थांबली आणि मान वर करून माझ्याकडे बघून हसली. मग मी तिला विचारलं, हे लिहिलं कोणी आणि कशासाठी? कामावर खडी फोडणाऱ्या बाईने लिहिलंय का? ती जरा विचार करून म्हणाली, "नाही, साहेबानं लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी ती आजीला विचारून आली. आजी १९७२च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर गेली होती. कामावर सुकडी मिळायची, रेशनला मिलो, म्हणजे परदेशातून आणलेली ज्वारी, यायचा, त्याच्या भाकरी नीट थापल्या जायच्या नाहीत, हे सगळं तिने वहीच्या मागच्या पानांवर लिहून आणलं होतं. गॅझेटियरमधला साहेबाचा दुष्काळ आणि आजीचा दुष्काळ तिने समोरासमोर मांडले. कोणाला काय दिसतं आणि कोणाला काय दिसत नाही, हे तिने स्वतःच्या शब्दांत लिहिलं. प्रकल्प वीस-बावीस पानांचा असेल. इंटरनेटवरून उतरवलेलं त्यात एक वाक्यही नव्हतं.

मी केलं ते मोठं काही नव्हे. कोणताही ग्रंथपाल ते करू शकतो, तेच त्याचं शिक्षण असतं. पण ते घडायला दोन गोष्टी एकाच वेळी लागल्या: कपाट उघडं आणि बाजूला शिकवणारं माणूस. नुसती कपाटं उघडी टाकली असती तर ती मुलगी बावीस कपाटांमध्ये हरवली असती, कारण दुष्काळ पाच ठिकाणी विखुरलेला असतो हे तिला कळायला मार्गच नव्हता. नुसतं शिकवलं असतं तर? ते तर आम्ही दरवर्षी करतोच. प्रथम वर्षाची दोनशे मुलं सभागृहात बसवायची, वीस मिनिटांत स्लाइड दाखवायच्या: ग्रंथालयाची वेळ, दंड किती, कार्ड हरवलं तर काय, मोबाइल बंद ठेवा, शांतता पाळा. याला ओरिएंटेशन म्हणायचं, फोटो काढायचे आणि अहवालाला जोडायचे. ज्या कपाटाला हात लावायची मुभा नाही ते कसं वापरावं हे मुलाने का ऐकावं? पुस्तकं खुली करणं आणि पुस्तकं शोधायला शिकवणं या आपण दोन वेगळ्या योजना समजतो, एकीला फर्निचरच्या खर्चात बसवतो आणि दुसरीला कार्यक्रमांच्या. माझं म्हणणं एवढंच आहे की हे एकच काम आहे, आणि अर्धं केलं तर ते केल्यासारखं नाही.

आपल्याकडे ही गोष्ट कधी कुणाला उमगली नव्हती असं नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावलं. त्यानंतर संस्थानात गावोगाव फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या जाऊ लागल्या, आणि त्याच सुमारास, १९११मध्ये, ग्रंथालयाचं काम शिकवणारा वर्गही तिथे सुरू झाला. पेटी पाठवायची तर ती उघडून समजावणारा माणूसही तयार करावा लागतो, हे त्या राजाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. एस. आर. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले ते गणिताच्या प्राध्यापकीतून आले होते. १९३१मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली. तिचं पहिलं सूत्र, पुस्तकं वापरण्यासाठी आहेत, हे आम्ही परीक्षेत पाठ करून लिहितो. ते समजावताना रंगनाथन युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांची आठवण देतात, जिथे पुस्तकं साखळीने फळीला बांधलेली असत. आपल्या साखळीचं नाव परिग्रहण नोंदवही आहे. बारा ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या कित्येक ग्रंथालयांत त्याच दिवशी संध्याकाळी कपाटांना कुलपं लागतात.

आता आक्षेपाकडे येते, कारण तो खोटा नाही. कपाटं उघडी ठेवली की पुस्तकं जातात. पानं फाडली जातात. परीक्षेआधी एखादं पुस्तक मुलं मुद्दाम दुसऱ्या कपाटात दडवतात, म्हणजे ते आपल्यालाच मिळेल. मी इतिहास आणि मराठीची कपाटं खुली केली त्या वर्षी हे सगळं घडलं. रोज सकाळी अर्धा तास परिचर आणि मी फळ्यांवरून हात फिरवत चुकीच्या जागी गेलेली पुस्तकं जागेवर आणत होतो. काही सापडली नाहीत ती नाहीतच. पण ज्या फळ्यांवर वर्षभर धूळ बसायची तिथे धूळ बसायचीच बंद झाली, आणि देवघेवीच्या नोंदींत आयुष्यात पहिल्यांदा बाहेर गेलेली पुस्तकं मला दिसू लागली.

केंद्र सरकारच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत नियम २१५ ग्रंथालयाच्या पुस्तकांबद्दल आहे. वर्षभरात दिल्या-पाहिल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं हरवली तर ते रास्त नुकसान मानावं, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसेल तर, असं तो सांगतो. एक हजार रुपयांहून जास्त किमतीचं किंवा दुर्मिळ पुस्तक हरवलं तर चौकशी व्हावी, हेही तोच नियम सांगतो. त्यातली एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. सूट कपाटात किती पुस्तकं आहेत त्यावर मोजलेली नाही, किती वापरली गेली त्यावर मोजलेली आहे. ज्या ग्रंथालयात वर्षाला आठ हजार पुस्तकं हाताळली जातात तिथे चाळीस गेली तरी हरकत नाही. जिथे कोणी कपाटच उघडत नाही तिथे एकही जायला नको. म्हणजे सरकारच्या हिशेबाच्या पुस्तकातच वापराची किंमत धरलेली आहे. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, संस्थांच्या महाविद्यालयांना तो आपोआप लागू होत नाही, हे खरं. पण कोणत्याही महाविद्यालय विकास समितीला तसा ठराव करायला कोणी अडवलेलं नाही. असा एका पानाचा ठराव आमच्याकडे वेळेवर झाला असता तर त्या आधीच्या ग्रंथपालांना पेन्शनचे कागद पिशवीत घेऊन फिरावं लागलं नसतं, आणि इतकी वर्षं ती कपाटं बंद राहिली नसती. माणसाच्या ग्रॅच्युइटीवर टांगती तलवार ठेवायची आणि वर त्याला वाचनसंस्कृती जोपासायला सांगायचं, हा अन्याय आहे. मी तो जवळून पाहिला आहे म्हणून सांगते.

ग्रंथपाल शिक्षक आहे की नाही हा प्रश्न कागदावर सुटलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत महाविद्यालयीन ग्रंथपालाची वेतनश्रेणी सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीची आहे, पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही अटही तीच. पण त्याला कार्यभार नाही. वेळापत्रकात त्याच्या नावावर एक तास नसतो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांत ग्रंथालय कुठे बसवलं होतं ते बघा: दुसरा निकष अध्ययन-अध्यापन, चौथा पायाभूत सुविधा, आणि ग्रंथालय चौथ्यात, इमारत आणि संगणकांच्या शेजारी. त्यामुळे समिती येणार म्हटलं की रंगरंगोटी होते, हजेरीचं रजिस्टर भरलं जातं, दिवसाला किती पावलं आली ते मोजलं जातं. आलेल्या मुलाला हवं ते सापडलं का, हे विचारायला रकानाच नाही. त्यात अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाची जागा रिकामी, परिचराची रिकामी, आणि एखाद्या प्राध्यापकाकडे "ग्रंथालयाचा अतिरिक्त कार्यभार". ज्याला स्वतःचे सोळा तास आहेत तो किल्ल्यांचा जुडगा सांभाळेल, दुसरं काय करणार?

आणि शिकवायची वेळ येते तेव्हा ती फार उशिरा येते. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशनाच्या नीतीवर दोन क्रेडिटचा पेपर आता सक्तीचा आहे. त्यात संदर्भ कसा द्यावा, डेटाबेस कसा शोधावा, दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून का खपवू नये, हे सगळं येतं. चांगली गोष्ट आहे. पण पीएच.डी.पर्यंत पोचतात किती? बहुतेक मुलांचं शिक्षण बी.ए., बी.कॉम.लाच संपतं, आणि त्यांना पुस्तकाच्या मागची सूची म्हणजे काय हे कोणी दाखवलेलं नसतं. पुढे ग्रामपंचायतीत ठराव वाचताना, सातबारा समजून घेताना, मुलाच्या आजारावर मोबाइलवर आलेला उपाय खरा की खोटा हे ठरवताना हीच सवय लागते. ती विशीच्या आत लागली तर लागली.

कुणी म्हणेल, ग्रंथालयं तर भरून वाहतायत. हो, वाहतायत. सकाळी साडेसातला आमच्या वाचनकक्षाबाहेर दप्तरं रांगेत ठेवलेली असतात. ही सगळी एमपीएससीची, पोलीस भरतीची, तलाठी भरतीची मुलं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात फक्त माया आहे. घरात एक खोली, त्यात सात माणसं, दिवा कधी असतो कधी नसतो, अशा मुलाला टेबल, खुर्ची आणि पंखा मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ती दिलीच पाहिजे. पण ही मुलं पुस्तकं स्वतःची आणतात. ग्रंथालयाच्या कपाटाकडे त्यांची पाठ असते. हळूहळू संस्थाचालकांच्या मनात ग्रंथालय म्हणजे अभ्यासिका असं समीकरण बसत चाललंय. पुस्तकांच्या अंदाजपत्रकाला कात्री लागते आणि खुर्च्या वाढतात. खुर्च्या वाढवा, जरूर वाढवा. पण राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेचा निबंध लिहिणाऱ्या त्याच मुलाला मागच्या कपाटातला विश्वकोशाचा खंड हातात घ्यायला उठवणारं कोणीतरी त्या खोलीत असायला हवं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांनी आमच्याच जिल्ह्यात, वाईत बसून ज्या विश्वकोशाचं काम उभं केलं, त्याच्या नोंदी गाईडपेक्षा सोप्या मराठीत आहेत, हे मुलांना नोंद वाचून झाल्यावर कळतं. आधी कोणी सांगत नाही.

आता सगळं ऑनलाइन आहे, कपाटांचं काय घेऊन बसलात, असंही मला तरुण प्राध्यापक विचारतात. ऑनलाइनची कथाही मला बंद कपाटापेक्षा वेगळी दिसत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या इन्फ्लिबनेट या गांधीनगरच्या केंद्राची एन-लिस्ट योजना महाविद्यालयांना अगदी थोड्या वार्षिक वर्गणीत हजारो नियतकालिकं आणि लाखाहून जास्त ई-पुस्तकं देते. किती महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचे युजर आयडी काढलेले आहेत, ते विचारून बघा. बहुधा प्राध्यापकांचे काढलेले असतात, आणि त्यातल्या अर्ध्यांना पासवर्ड आठवत नसतो. शोधगंगेवर देशभरातले प्रबंध फुकट वाचायला मिळतात, तेही मराठीतले, आपल्याच जिल्ह्यावरचे. एम.ए.च्या मुलांना ते नाव दुसऱ्या वर्षी कळतं. जुनी गॅझेटियरंसुद्धा राज्य शासनाने संकेतस्थळावर ठेवली आहेत. पण माझ्या त्या मुलीला त्यात दुष्काळ कुठल्या प्रकरणात असतो हे संकेतस्थळ सांगत नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४मध्ये "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" ही योजना मंजूर केली, म्हणजे संशोधन नियतकालिकांची देशभरातल्या संस्थांसाठी मिळून एकच वर्गणी. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३००हून अधिक संस्था. एवढा पैसा वाचनासाठी निघाला याचा मला मनापासून आनंद आहे. दोन काट्यांबद्दल मात्र बोललं पाहिजे. योजना आहे ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावात कॉलेज नेलं ते शिक्षण संस्थांनी, आणि ग्रामीण मुलं बहुतांशी तिथेच शिकतात. त्यांच्यासाठी हे दार कधी उघडणार, हे आपल्या प्राचार्यांनी आणि आमदारांनी विचारायला हवं. दुसरं, सहा हजार कोटींची कपाटं उघडताना ती कशी वापरायची हे मुलांना शिकवायला एक ग्रंथपाल नेमायचे पैसे निघत नसतील, तर ती नियतकालिकं शहरातल्या दहा-वीस मोठ्या संस्थांपुरतीच उघडली असं होईल.

मध्यंतरी एक मुलगा चिठ्ठी घेऊन आला. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, साल, सगळं व्यवस्थित. मी शोधलं, मिळेना. विद्यापीठाच्या तालिकेत बघितलं, प्रकाशकाची यादी बघितली. असं पुस्तकच निघालेलं नव्हतं. मोबाइलवरच्या चॅटबॉटने ते त्याला दिलं होतं. मुलगा खट्टू झाला, कारण त्याने अर्धा लेख त्याच्यावर लिहिला होता. मी त्याला रागावले नाही. खरं पुस्तक आणि नसलेलं पुस्तक यातला फरक कसा ओळखावा, हे त्याला कोणी कधी दाखवलं होतं? आम्ही त्याला पंधरा वर्षं खिडकीच्या अलीकडे उभं केलं होतं.

दिल्ली विद्यापीठातलं झेरॉक्स प्रकरण प्राध्यापकांनी तरी विसरू नये. विद्यापीठाच्या आवारातल्या दुकानात शिक्षकांनी नेमून दिलेल्या प्रकरणांच्या प्रती काढून मुलांना मिळत. तीन बड्या प्रकाशकांनी २०१२ साली खटला भरला. सप्टेंबर २०१६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रकाशकांच्या विरोधात निकाल दिला. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने प्रती काढणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये बसतं, हे तत्त्व अपिलातही टिकलं आणि २०१७मध्ये प्रकाशकांनी खटला मागे घेतला. कायद्याने शिक्षकाला केवढी मोकळीक दिली आहे ते बघा. दहा पुस्तकांतून दहा प्रकरणं निवडून मुलांच्या हातात ठेवता येतात. पण त्यासाठी आधी दहा पुस्तकं उघडून बघावी लागतात, आणि ती बघायला आमच्याकडे वर्षाकाठी किती प्राध्यापक आत येतात ते मी सांगत नाही. जे येतात त्यांची मुलं मागोमाग येतात, हे मात्र मी इतक्या वर्षांत दर वेळी पाहिलं आहे. त्या दुष्काळाच्या मुलीला प्रकल्प देणारे इतिहासाचे सर पुढच्या वर्षी स्वतः वर्ग घेऊन कपाटांमध्ये आले. खुर्च्या कमी पडल्या, मुलं फळ्यांना टेकून उभी राहिली. सरांनी विषय मांडायचा आणि मी कुठे शोधायचं ते दाखवायचं, असे आम्ही आठवड्याला दोन तास केले. वेळापत्रकात ते तास नव्हते. सरांनी आपले दिले होते.

नवीन शैक्षणिक धोरणात पदवीला फील्ड प्रोजेक्ट आले आहेत, त्यांना क्रेडिट आहेत. ही जागा पहिल्यांदाच मिळाली आहे. गेल्या दोन वर्षांत हे प्रकल्प कसे होतात तेही मी पाहिलंय: दुकानातून बांधून आलेली फाईल, वर नाव बदललेलं. ते टाळायचं असेल तर प्रकल्पाचे पहिले चार तास ग्रंथालयात झाले पाहिजेत, कपाटं उघडी ठेवून, विषयाचे शिक्षक आणि ग्रंथपाल दोघंही हजर असताना, आणि ते तास ग्रंथपालाच्या कार्यभारात धरले पाहिजेत. सोबत नुकसानीचा तो एक पानी ठराव. आणि मराठी पुस्तकांच्या नोंदी देवनागरीत, युनिकोडमध्ये नव्याने करून घेणं. हे काम मुलांनाच अर्न अँड लर्नमधून, म्हणजे कमवा आणि शिका योजनेतून, देता येतं, आमच्याकडे दोन सुट्ट्यांत मराठीची सगळी कपाटं झाली. आता कोणी "दुष्काळ" टाइप केलं तर सत्तावीस पुस्तकं येतात.

वेळापत्रकं जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरतात. एकदा फळ्यावर लागली की वर्षभर कोणी हात लावत नाही. तेव्हा जे प्राध्यापक हे वाचत असतील त्यांनी मे महिन्यातच आपल्या ग्रंथपालाला गाठावं, एका वर्गाचे दोन तास मागावेत, आणि त्या दोन तासांत कोणती कपाटं उघडायची ते दोघांनी मिळून ठरवावं. किल्ल्या त्यांच्याकडे आहेत.